अंगात घातलेलं वारं

गेल्या मार्गशीर्षात माझ्या छपाईच्या दुकानात ४० स्वेटशर्टांची ऑर्डर आली. रंग राखाडी, आतून लव असलेलं ३०० जीएसएमचं जाड कापड आणि छातीवर डावीकडे तीन अक्षरं. ऑर्डर घेऊन आलेली मुलगी कॅम्पातली, कॉलेजात शिकणारी. त्यांच्या चर्चमधल्या पोरापोरींचं थंडीतलं शिबिर होतं. अक्षरं हिब्रू होती. मी विचारलं, काय लिहिलंय? म्हणाली, "काका, रुआख. म्हणजे आत्मा. वारा पण होतो, श्वास पण होतो."

मी तीन अक्षरं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली, फिल्म काढली, छपाईची जाळी एक्सपोज केली, म्हणजे उजेडात धरून तिच्यावर अक्षरं उतरवली, आणि एक सॅम्पल मारून तिला बोलावलं. तिनं मोबाइलवरचं चित्र माझ्या छपाईशेजारी धरलं आणि हसायलाच लागली. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, हे मला ऐकून माहीत होतं, पण माझ्या कॉम्प्युटरला माहीत नव्हतं. त्यानं अक्षरं आपल्या सवयीनं डावीकडून मांडली. आता ती उजवीकडून वाचली की शब्द होत होता 'खोर'. तिनं अर्थ शोधून दाखवला: भोक. देवाचा श्वास मागायला आलेल्या ४० पोरांच्या छातीवर मी भोक छापणार होतो. चूक सर्वस्वी माझी. सॅम्पल अजून दुकानात खिळ्याला टांगलेलं आहे, आणि ते बघून कुणी काही विचारत नाही.

हे 'कुणी विचारत नाही' माझ्या डोक्यात बसलं. तो माल गेला आणि थंडीभर ते राखाडी स्वेटशर्ट मला दिसत राहिले, रेल्वे गेटापाशी, खडेबाजारात, सकाळी फिरायला जाणाऱ्यांत. छातीवर परक्या मुलखातली परकी अक्षरं. ज्या गावात दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर आणि कुठली खाली यावरून काचा फुटतात, त्या गावात ही अक्षरं सुखानं हिंडली. मी २२ वर्षं या गावात कापडावर अक्षरं छापतोय. अक्षरानं इतकं निवांत हिंडावं, असं मी मराठीच्या बाबतीत पाहिलेलं नाही, आणि कन्नडच्या बाबतीतही नाही.

माझ्या दुकानाचं कॅलेंडर रंगांवर चालतं. वैशाखात शिवजयंतीची मिरवणूक, तेव्हा भगवा. भाद्रपदात गणपती मंडळांचे टी-शर्ट, त्यात सगळे रंग, फक्त गल्लीचं नाव ठळक पाहिजे. ऑक्टोबर लागला की लाल-पिवळा, १ नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवासाठी. आणि त्याच १ नोव्हेंबरला दुसऱ्या, म्हणजे मराठी बाजूचा काळा दिन असतो, १९५६ साली याच तारखेला आपण म्हैसूर राज्यात गेलो म्हणून. तेव्हा कोरे काळे टी-शर्ट जातात. त्यावर छापायला कुणी काही सांगत नाही, रंगच पुरेसा बोलतो. एकाच आठवड्यात मी लाल-पिवळा सुकवायला टाकतो आणि शेजारच्या फळीवर काळ्याचा गठ्ठा बांधतो. धंद्याला लाज नाही, असं आमच्या आत्ती म्हणायच्या. तसं असेल. पण छापणाऱ्याला एक गोष्ट दिसते ती घालणाऱ्याला दिसत नाही: या सगळ्या कपड्यांवरचा मजकूर कुणीच वाचत नाही. लांबून लिपी बघतात, रंग बघतात, माणूस कुणीकडचा ते ठरवतात आणि पुढं जातात.

गावाचं नाव मी इथवर मुद्दाम घेतलं नाही. बेळगाव लिहिलं की एका बाजूचा, बेळगावी लिहिलं की दुसऱ्या बाजूचा. २०१४ साली १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव बदललं. फरक किती, तर शेवटच्या 'व'ला एक वेलांटी. हा लेख वाचायला घेतलेल्या काहींची नजर आधी ती वेलांटीच शोधत फिरली असेल. मी घरात बेळगाव म्हणतो, बिलावर बेळगावी छापतो.

आता त्या शब्दाकडे येतो, कारण त्यानं मला माझ्याच भाषेत परत आणून सोडलं.

रुआखमध्ये वारा, श्वास आणि आत्मा असे तीन अर्थ आहेत, असं आपण म्हणतो. हिब्रूवाल्याला ते तीन वाटत नसावेत. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात पाण्यावर जे घिरट्या घालतं ते रुआख. यहेज्केलाच्या पुस्तकात सुकलेल्या हाडांनी भरलेल्या खोऱ्याचा प्रसंग आहे. तिथं चारी दिशांचे वारे, मेलेल्यांत शिरणारा श्वास आणि देव घालणार असलेला आत्मा, या सगळ्यांना तो एकच शब्द वापरलाय. मराठीत आणताना भाषांतरकाराला तो फोडावा लागतो: इथं वारा, तिथं श्वास, पलीकडं आत्मा. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं थेट हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. १९२२ साली त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी काम पुरं झालं. जन्म कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानातला, भाषा मराठी, आणि म्हातारपणी टेबलावर हिब्रू. सीमाभागातल्या माणसानं ही बाई जवळची मानायला हरकत नाही.

मराठी ख्रिस्ती जगात शेवटी 'आत्मा' हा शब्द स्थिरावला. बरोबरच आहे. पण आत्मा म्हटलं की मला कीर्तन आठवतं, तत्त्वज्ञान आठवतं, अंगाला काही लागत नाही. त्या मुलीनं वारा म्हटलं तेव्हा मात्र मला सौंदत्ती आठवली.

आम्ही लहानपणी आत्तींबरोबर यल्लम्माच्या डोंगरावर जायचो, मार्गशीर्षातल्या पुनवेला. बैलगाड्या, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं, परड्या, चौंडक्याचा आवाज. गर्दीत एखादी बाई अचानक ताठ व्हायची, केस सुटायचे, श्वास मोठा व्हायचा, आणि आत्ती आम्हाला मागं ओढून हळूच म्हणायच्या, "वारं आलंय अंगात." देव आला म्हणायच्या नाहीत. वारं आलं. मग तेच वारं बोलायचं, लोक पाया पडायचे, विचारायचे, आणि थोड्या वेळानं ते निघून जायचं. बाई खाली बसून पाणी मागायची. वारा वाहतो तो वारा, आणि अंगात येतं ते वारं. शब्द एकच, नुसतं लिंग बदललेलं.

हे सांगताना मला डोंगराचे गोडवे गायचे नाहीत. त्याच वाऱ्याच्या नावानं पोरी देवाला सोडल्या गेल्या. ते थांबवायला कर्नाटकाला १९८२ साली कायदा करावा लागला. शब्द सुंदर असला म्हणून त्याच्या नावानं केलेलं सगळं सुंदर होत नाही. पण शब्द आहे. आणि तो रुआखच्या अगदी मांडीला मांडी लावून बसतो.

आपल्या बोलण्यात हा वारा ठायी ठायी आहे. उधळलेल्या पोराला आपण वारं प्यालंय म्हणतो. वाईट संगतीचा वाराही लागू नये म्हणतो. निराधार केलं तर वाऱ्यावर सोडलं. अर्धं अंग लुळं पडलं तर अर्धांगवायू. संस्कृतात गेलात तर 'अन्' म्हणजे श्वास घेणे, त्यातून प्राण आला आणि त्यातूनच अनिल, म्हणजे वारा.

आणि कन्नडात? वाऱ्याला गाळी म्हणतात, एवढं इथल्या प्रत्येकाला येतं. पण गाळी म्हणजे भूतबाधाही. कुणाला झपाटलं तर गाळी धरली म्हणतात. भाषांची कुळं वेगळी, एक संस्कृताकडून आलेली, एक द्राविडी. शब्द एकमेकांकडून उसने घेतलेले नाहीत. तरी दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांनी न दिसणारी जी गोष्ट अंगात शिरते तिला वाराच म्हटलं. एकाच डोंगरावर एकाच पुनवेला दोन्ही भाषांतली माणसं तोच अनुभव सांगत उभी असतात. तिथं कुणी पाटीवर कुठली लिपी किती टक्के ते मोजत नाही.

म्हणजे ज्या शब्दासाठी पोरं हिब्रूपर्यंत गेली तो दोन्ही भाषांत घरी होता. मग तो आपल्या छातीवर का नाही? माझं उत्तर असं आहे की या गावात मराठीला घरचे कपडे उरलेले नाहीत. नुसता गणवेश उरलाय. कन्नडचंही तेच, फक्त त्यांच्या गणवेशाला सरकारी इस्त्री आहे.

मला वर्षभरात मराठीत काय काय छापायला येतं ते आठवून बघतो. जयघोष. महाराजांची मुद्रा. मंडळाचं नाव. 'सीमा' हा शब्द. 'रक्त' हा शब्द. एकदा पैलवानांच्या तालमीसाठी चार ओळी. बस. 'पाऊस' असा शब्द छातीवर छापून द्या म्हणून २२ वर्षांत कुणी आलेलं नाही. 'झोप' नाही, 'चहा' नाही, 'कुंदा' नाही. इंग्रजीत मात्र पोरं वाटेल ते छापून घेतात, आळस, कॉफी, मांजर, सोमवारचा कंटाळा. कोरियन अक्षरं मागतात, जपानी मागतात. गंमत करायची असली, आरामात बसायचं असलं की इंग्रजी, मन हळवं झालं की कोरियन, आणि मुठी आवळायच्या असल्या की मराठी. असं वाटून घेतलेलं आहे. ज्या भाषेत फक्त मुठी आवळता येतात तिचं पुढं काय होतं, हे आमच्या गल्लीत संध्याकाळी उभं राहून ऐकावं. सावधान ऐकू येतं, विश्राम नाही.

स्वेटशर्ट या कपड्याची एक गोष्ट सांगतात. अमेरिकेत अलाबामात १९२६ च्या सुमारास फुटबॉल खेळणाऱ्या एका मुलाला लोकरीची जर्सी टोचायची. बापाची कापडाची गिरणी होती. पोरानं सांगून जाड सुती कापडाचा सैल अंगरखा शिवून घेतला. म्हणजे टोचू नये एवढ्याच कारणासाठी जन्मलेला कपडा. त्यावर श्वास हा शब्द शोभतो. मी त्या मुलीला ऑर्डर घेताना विचारलं होतं, बाळ, मराठीत का नाही छापत? 'वारं' छापू, 'श्वास' छापू. ती जरा थांबली आणि म्हणाली, "मराठीत लिहिलं की लोक विचारतील की, काका. हे घालून कुठंबी जाता येतं." मराठी तिची घरातली भाषा आहे. प्रार्थना मराठीत करते. आणि मराठी छातीवर घ्यायला ती कचरते, कारण ती भाषा घातली की घालणाऱ्याला आधी बाजू सांगावी लागते.

आता त्या निरुपद्रवी वाटणाऱ्या लिपीबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर मी भाबडा ठरेन. ही अक्षरं इथं निवांत आहेत, कारण इथं ती कुणाच्या विरुद्ध उभी नाहीत. जेरुसलेमला त्यांना हा आराम नाही. तिथं रस्त्यांच्या पाट्यांवर हिब्रू, अरबी आणि इंग्रजी असतं, आणि कुठली वर, कुठलं नाव कसं लिहायचं, यावरून तिथंही माणसं डोळे वटारतात. २०१८ साली इस्रायलनं कायदा करून अरबीचा राजभाषेचा दर्जा काढला आणि तिला 'विशेष दर्जा' दिला. अरबी बोलणाऱ्या माणसाला या 'विशेष' शब्दाचा अर्थ काय लागला असेल, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आणि त्याच हिब्रूची दुसरी बाजूही आहे. शेकडो वर्षं ती पोथीत, प्रार्थनेत आणि पंडितांच्या पत्रात होती. भाजी आणताना, भांडताना, पोराला झोपवताना ती कुणी बोलत नव्हतं. एलिएझर बेन-येहुदा १८८१ साली पॅलेस्टाइनला गेला आणि त्यानं हट्टानं आपल्या घरात हिब्रूच बोलायची असं ठरवलं. भाषा जगली ती पोथीतून उतरून स्वयंपाकघरात आली म्हणून. आपला प्रवास उलट्या दिशेनं चाललाय. स्वयंपाकघरातली भाषा आपण उचलून झेंड्यावर नेऊन ठेवतोय.

कुणी म्हणेल, पवित्र शब्द कपड्यावर छापणं हेच मुळी चुकीचं. घामाचा कपडा, धुण्यात बादलीत पडणार, शेवटी फरशी पुसायला जाणार. हा आक्षेप मला मान्य नाही, पण खोटाही वाटत नाही. यहुदी लोक देवाचं नाव लिहिलेला जुना कागद फेकत नाहीत, वेगळा जपून ठेवतात आणि मग पुरतात. रुआख हे देवाचं नाव नाही, तेव्हा त्यांच्या हिशेबानंही इथं अडचण नसावी. आपल्याकडं कागदाला पाय लागला तर हात लावून कपाळाला लावतात. पण त्याच आपल्याकडं रामनामी उपरणं आहे, नावानं काठोकाठ भरलेलं, आणि ते धुतातच. छत्तीसगडातल्या रामनामी समाजानं तर देवळात घेत नाहीत म्हणून रामाचं नाव सगळ्या अंगावर गोंदवून घेतलं. अंगावर अक्षर घेणं ही काही परदेशातून आलेली टूम नाही. आमच्या आत्तींच्या मनगटावर गोंदलेलं नाव होतं, भांडी घासता घासता निळं पडलेलं. त्यामुळं ते कमी झालं असं त्यांना कधी वाटलं नाही.

दुसरा आक्षेप जड आहे, आणि तो माझ्या तोंडावर टाकलाय आमच्याच गल्लीतल्या एका काकांनी. ते १९८६ च्या आंदोलनात होते. कन्नडसक्तीच्या विरोधात तेव्हा जून महिन्यात इथं जो वणवा पेटला त्यात गोळीबारात माणसं गेली. त्याच्या आधी १९५६ च्या जानेवारीत गेलेली. काका दुकानात चहा पीत ऐकत होते. माझं सगळं बोलणं झाल्यावर म्हणाले, "तुला आराम सुचायलाय. आमची माणसं मेली त्या अक्षरांसाठी. तू त्यांच्यावर 'झोप' छापणार?"

मी लगेच काही बोललो नाही. त्यांचा हक्क आहे. जी घोषणा त्यांनी छातीवर घेतली ती काढ म्हणायला मी कोण? १७ जानेवारीला हुतात्म्यांना फुलं वाहताना मीही उभा असतो. २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल येऊन त्याच्याही आधी ३७ वर्षं झाली होती, आणि या सगळ्या काळात माणसांनी मराठी धरून ठेवली ती घोषणेच्या जोरावर, हे खरं आहे. इथून जवळच्या येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक २०१४ च्या जुलैत हटवला तेव्हा लोकांनी लाठ्या खाल्ल्या. एका पाटीसाठी लाठ्या खाणाऱ्या माणसाला आरामाच्या गोष्टी सांगायला तोंड धजत नाही.

पण काकांची नात इंग्रजी शाळेत जाते. शाळेत कन्नड शिकते, घरात मराठी ऐकते, मोबाइलवर हिंदी बघते. तिला मराठी कधी भेटते? मोर्च्याच्या दिवशी. आजोबा आवाज चढवतात तेव्हा. तिला ती भाषा रागाची वाटते, म्हाताऱ्यांची वाटते. काकांनी जिच्यासाठी मार खाल्ला ती भाषा नातीच्या कपाटात एकही टी-शर्ट होऊन आलेली नाही, गणपतीचा सोडला तर. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तू काय स्वेटर विकून सीमाप्रश्न सोडवणार?" नाही सोडवणार. धंदा करणाऱ्याच्या बोलण्यात थोडा धंदा असतो हेही खरं. पण प्रश्न सुटेपर्यंत भाषा घरात जिवंत पाहिजे की नको?

सरकारचं काय, ते वेगळं सांगतो. कर्नाटकानं २०२४ साली कायदा दुरुस्त करून पाटीचा ६० टक्के भाग कन्नडात, तोही वर, असा नियम पक्का केला. माझ्या दुकानाची पाटी मीच बनवली, पट्टी लावून मोजून. मला त्याचा फारसा राग येत नाही. मुंबईत दुकानांवर मराठी पाट्या सक्तीच्या झाल्या तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या होत्या, आणि जतला, अक्कलकोटला, सोलापुरात कन्नड घरं आहेत, त्यांनाही पट्टी घेऊन मोजावं लागतं. राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. अक्षर जिथं वाचायला लागतं तिथं ते मिळत नाही. खानापूर तालुक्यातला शेतकरी जमिनीची पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, काढतो ती कन्नडात. त्याला कन्नड बोलता येतं, बाजार करता येतो, पण कागद वाचून घ्यायला तो दुसऱ्याकडं जातो आणि त्या दुसऱ्यावर विश्वास ठेवतो. ज्या भागात अल्पसंख्य भाषकांची वस्ती १५ टक्क्यांच्या वर आहे तिथं महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे तत्त्व १९५६ पासून कागदावर आहे. घटनेच्या २९ व्या कलमात भाषेबरोबर 'लिपी' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. लिपी जपायचा हक्क. हा हक्क मला पाटीपेक्षा पहाणीवर पाहिजे. पाटी न वाचता दुकानात शिरता येतं. पहाणी न वाचता अंगठा दिला तर रान जातं.

पण सरकारनंही आणि आपणही सगळी ताकद पाटीवर लावलीय, कारण पाटी लांबून दिसते. पहाणी खिशात असते. २०२५ च्या फेब्रुवारीत बसमध्ये बोलायच्या भाषेवरून वाद पेटला आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस हद्दीशी थांबल्या. त्या दिवसांत माझा तयार माल कोल्हापूरला जायचा अडकला होता. शाळेचे स्पोर्ट टी-शर्ट होते. त्यांच्यावर नुसते नंबर होते.

काकांशी बोलणं झाल्यावर मी तीन स्वेटशर्ट छापले. राखाडीच, ३०० जीएसएमचे, त्या ऑर्डरीतून उरलेले. डावीकडे लहान अक्षरांत 'वारं'. एक मी घालतो, एक बायकोनं घेतला, एक दुकानात टांगला. पहिल्या आठवड्यात दोघांनी विचारलं, कुठल्या मंडळाचं? एकानं विचारलं, कुठला पक्ष? शहापुरातला एक विणकर, घरात कन्नड बोलणारा, माझ्याकडं नेहमी येतो. त्यानं मात्र अक्षरं लावून वाचलं आणि म्हणाला, "वारं म्हणजे गाळी नव्हं?" होय म्हटलं. "अंगात येतंय ते?" होय, ते पण. तो हसला आणि म्हणाला, त्याची आई सौंदत्तीला गेली की तिलाही व्हायचं. मग कापड चिमटीत धरून भाव विचारला. त्याला गाळी छापून पाहिजे, कन्नडात, आईसाठी नव्हे, स्वतःसाठी, सकाळी मागावर बसताना थंडी वाजते म्हणून.

त्याचं काम सोपं आहे. माझी अडचण माझ्याच शब्दाची आहे. 'वारं'वरचा अनुस्वार बारीक असतो. जाळीत शाई अडकली की तो टिंब उठत नाही, आणि उठला तरी चार-पाच धुण्यांत उडून जातो. टिंब गेला की छातीवर राहतं 'वार'. या गावात छातीवर 'वार' लिहिलेला माणूस रस्त्यानं जाताना पोलिसांना काय वाटेल ते मी सांगायला नको. रुआखचं भोक झालं ते उलटं छापल्यानं. आपलं तेवढंसुद्धा लागत नाही, एक ठिपका पुरे. म्हणून सध्या मी टिंब जरा मोठा करून बघतोय, शिरोरेषेपासून थोडा वर घेऊन, जाळीही थोडी मोकळी घेऊन. पहिल्या दोन फिल्म बिघडल्या. तिसरी आज रात्री एक्सपोज करणार आहे.